सव्वा महिन्याची मुकी ऐरण

"हळू मार, गड्या. तांबं बहिरं न्हाई."

हा आवाज म्हाताऱ्या दादासो तांबटाचा. आपल्या लेकाला, आकारामला, तो माझ्यासमोर बसवून काम शिकवत होता. म्हाताऱ्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मला मात्र त्याचा खोकलासुद्धा आठवतो.

मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे. कोरेगावच्या एका लोहारानं रुळाच्या लोखंडातून मला घडवलं आणि चिंचेच्या ओंडक्यात रोवलं. ज्या शहरात माझी उमेदीची वर्षं गेली, त्याचं नाव मी सांगणार नाही. माझे वैरी अजून तिथं राहतात.

शहर लहान, पण पेठ जुनी. आमच्या बोळात तांबटांची पाच दुकानं होती. दिवस उगवला की पाचही ऐरणी बोलायला लागायच्या. हंडे, घागरी, बंब माझ्या अंगावर फिरत फिरत गोल व्हायचे. आकाराम त्यांच्यावर ठोक्यांची नक्षी उठवायचा. त्याची बायको बनाबाई चिंचेनं घासून त्यांना उगवतीचा रंग आणायची. आसपासच्या गावातली लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर आमच्या बोळातली घागर निघायची. बाया घागरीवर टिचकी मारून म्हणायच्या, "आकारामाची हाय. आवाज ऐक की." तेव्हा मला फार बरं वाटे.

मग समोर विष्णुपंतांचं कापडाचं दुकान आलं आणि कौतुक संपलं.

"अरे, गिऱ्हाईक खण मागतं आणि मी धोतर काढून देतो," पंत गादीवरून म्हणायचे. "या ठणठणाटात माणसानं धंदा करायचा कसा?"

"खुणंनं इका की, पंत," आकाराम मान वर न करता म्हणायचा. "लुगड्याला बोलावं लागतंय व्हय?"

पंतांना हसू येत नसे. ते पालिकेकडं अर्ज लिहीत. एकाचं उत्तर आलं नाही की दुसरा लिहीत. अखेर एकेचाळीस साली पालिकेनं पेठेसाठी नियम केला. पेठेत कापड, किराणा आणि सराफी एवढंच राहील. ठोकणारे, रंगारी, भट्टीवाले यांनी ओढ्यापलीकडं जावं. ज्यांची दुकानं आधीपासून आहेत, त्यांना राहता येईल. मात्र दुकान सलग तीस दिवस बंद राहिलं, की तिथला त्या धंद्याचा हक्क कायमचा संपेल.

लढाईमुळं तांब्याचा पत्रा मिळेना. एकेक दुकान बंद पडलं. महिना भरला की तिथं गुळाच्या ढेपा नाहीतर कापडाचे गठ्ठे येऊन पडत. पंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत. बेचाळीसच्या अखेरीला आम्ही एकटेच उरलो. आकाराम जुन्या भांड्यांचे पोचे काढून दुकान चालू ठेवी. "एक का हुईना, पन रोज निघाला पायजे," म्हणायचा.

त्रेचाळीसच्या माघात तो तापानं गेला.

आमच्या तांबटांत एक रीत होती. ऐरणीचा धनी गेला की त्याची ऐरण सव्वा महिना मुकी ठेवायची. तिच्यावर पांढरं फडकं टाकायचं आणि कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. म्हणजे बघा, नियम तीस दिवसांचा आणि रीत सव्वा महिन्याची. नियम लिहिणाऱ्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. आमच्यातल्याही कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

बनाबाईच्या आलं. विसाव्या दिवशी ती धाकट्या दिराला, कृष्णातला म्हणाली, "भावजी, दुकान उघडा. नुस्ता एक पोचा काढा."

"दादाच्या ऐरणीवर? सव्वा महिना व्हायच्या आत? लोक तोंडात शेण घालतील, वैनी."

"घालू द्या. भाकरी तर घालत न्हाईत."

कृष्णात पत्रा शोधायला मिरजेला निघून गेला.

एकोणतिसाव्या दिवशी, भर दुपारी, बनाबाईनं दुकानाच्या फळ्या काढल्या. फडकं बाजूला केलं. बांगड्या नसलेला हात माझ्यावर ठेवून म्हणाली, "माफ कर गं बाई." घरातलीच एक पोचलेली घागर तिनं माझ्यावर धरली आणि हातोडा उचलला. तिचा एकही ठोका चुकला नाही. इतकी वर्षं शेजारी बसून तिनं काम नुसतं बघितलं नव्हतं. बोळात चिटपाखरू नव्हतं. समोर पंत एकटेच लुगड्यांच्या घड्या घालत होते. त्यांचे हात थांबले. पोचा निघाला, तशी तिनं फडकं टाकलं आणि फळ्या लावल्या.

एकतिसाव्या दिवशी पालिकेचा कारकून पंतांचा अर्ज हातात घेऊन दारात आला. कृष्णात आदल्या संध्याकाळीच परतला होता. बनाबाईनं त्याला सगळं सांगितलं होतं.

"दुकान महिनाभर बंद होतं?" कारकुनानं विचारलं.

"न्हाई. परवा मी ठोकलं," बनाबाई म्हणाली.

कारकुनानं कृष्णातकडं पाहिलं. बोळाच्या तोंडाशी सगळी भावकी उभी होती. कृष्णातनं मान खाली घातली. "आमच्यात असं करत न्हाईत, साहेब. दुखानं वैनी कायबी बोलतीया."

मला वाटलं, माझ्यावरच कुणीतरी उलटा घाव घातला.

कारकून समोर वळला. "पंत, तुम्ही इथंच बसता. परवा आवाज आला होता?"

"सांगा की, पंत," बनाबाई म्हणाली. "पाच वर्सं आमचा आवाज तुमच्या कानात सलतोय."

पंतांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "नाही," ते म्हणाले. "काही ऐकलं नाही."

चिंचेच्या ओंडक्यासकट मला उपटून काढलं. आमच्या जागेत पंतांच्या मालाचे गठ्ठे आले. कृष्णात पलटणीत भरती झाला, तो वहिनीच्या नजरेला नजर न देताच गेला. बनाबाईनं ओढ्यापलीकडं पत्र्याचं छप्पर घातलं आणि मला पुन्हा रोवलं. तिकडं रंगाऱ्यांच्या पाण्याचा वास आणि पावसाळाभर चिखल. गिऱ्हाईक महिन्यातून दोन-चार. माझ्या अंगावर गंज चढला. काम नसलं की ती माझ्याशेजारी बसून म्हणायची,

तांब्याची घागर, तिला ठोक्यांची गं नक्षी
घाव सोसल्यालं सांगाया, न्हाई कुनी साक्षी

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असं मी म्हणत नाही. लोखंडाला गंज चढायचाच. पण मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणीतरी असे नियम लिहायला बसेल. त्यानं आधी त्या बोळात जावं. तिथली माणसं काय विकतात ते तर विचारावंच, पण घरातलं कुणी गेलं तर ती काय करतात, तेही विचारावं.

सेहेचाळीस साली विष्णुपंत ओढा ओलांडून आले. धोतराचा सोगा हातात, पाय चिखलानं माखलेले. त्यांच्या पद्माचं लग्न ठरलं होतं. मुलीला तांब्याची घागर द्यायची होती आणि पेठेत एकही तांबट उरला नव्हता.

बनाबाईनं त्यांना बसा म्हटलं नाही. पत्रा घेतला, माझ्यावर धरला.

"आवाज हुईल, पंत. कान झाका."

पंतांनी कान झाकले नाहीत. गेलेही नाहीत. चिखलात तसेच उभे राहिले. तिचा हातोडा वर गेला, तेव्हा ते बोलले.

"बनाबाई, त्या दुपारी तू अकरा ठोके मारलेस. मी मोजले होते."