बुडालेली कोरफड

आई गेली त्या वर्षी पाऊसही फिरकला नाही. पाणी एक दिवसाआड येऊ लागलं, तेव्हा थोरलीने अंगण हातात घेतलं. आईची बाग जगवायची, एवढंच तिने ठरवलं होतं. पण आईने लावलेलं सगळंच तहानलेलं. दारासमोरचा गुलाब तर बादलीभर पाणी पिऊन वर रुसून बसायचा. बघता बघता त्याच्याशिवाय सगळ्यांनी माना टाकल्या.

थोरलीचा पुस्तकांवर विश्वास. वाचून झाल्यावर तिने घरात जाहीर केलं की ऋतू पूर्वीचे राहिले नाहीत, तेव्हा बागही राहणार नाही. वाळलेली हिरवळ उकरून तिने खडी पसरली. कोरफड, घायपात, निवडुंग लावले. गुलाब त्या हिशेबात बसेना. तो उपटून तिने जुन्या बादलीत ठेवला आणि बाबांना टाकून द्यायला सांगितलं. बाबा मुकाट्याने बादली घेऊन गेले. आई गेल्यापासून ते घरात पाहुण्यासारखेच वावरत होते.

नव्या झाडांना कोणीही पाणी घालायचं नाही, असं तिने बजावलं. धाकटा म्हणाला, इतक्या कमी अपेक्षांचं कोणी भेटलं असतं तर त्याने केव्हाच लग्न केलं असतं.

थोड्याच दिवसांत कोरफड पिवळी पडली. घायपाताचं बूड मऊ झालं. निवडुंग तर एका सकाळी आडवाच, कामावरून दमून आल्यासारखा. थोरली धास्तावली आणि स्वतःचाच नियम मोडून भाजी धुतलेलं पाणी चोरून घालू लागली. झाडं आणखी ढेपाळली. शेवटी तिने एक कोरफड उपटली. मुळं काळी, कुजलेली. गावाला पाणी पुरवणारा तलाव आटला होता आणि हिच्या अंगणात कोरफड बुडून मेली होती.

एवढं काही भाजीच्या पाण्याने होणार नाही, हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती पहाटेच पायरीवर जाऊन बसली. आधी धाकटा पातेलं घेऊन आला. तिला पाहताच, कोणीतरी आत्ताच हातात दिल्यासारखा तो पातेल्याकडे बघू लागला. मागून बाबा आले, अंघोळीच्या पाण्याची बादली घेऊन.

"रोज घालता?" थोरलीने विचारलं.

"रोज कुठे, ताई. पाणी येतं त्या दिवशी."

"आणि येत नाही त्या दिवशी?"

"साठवलेलं."

स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आई विचारायची, झाडांना पाणी घातलं का? सगळे बेधडक हो म्हणायचे. तिने ते केव्हाच घातलेलं असायचं. आता विचारणारं कोणी नव्हतं, आणि तिघंही गुपचूप पाणी घालत सुटले होते.

"बाबा, यांना पाणी नको असतं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मला घालायचं असतं."

थोरलीने विचारलं, "गुलाब कुठे टाकलात?"

"न्हाणीमागे. आधी त्याला घालतो. उरलेलं इकडे, यांना भेदभाव वाटू नये म्हणून."

गुलाब न्हाणीमागे खरंच होता, हिरवागार आणि रुसलेला. तिघांनी खडी बाजूला सारून तो पुन्हा दारासमोर लावला. वापरलेलं सगळं पाणी यापुढे त्याला, बाकीच्यांना हातही लावायचा नाही, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी थोरली स्वयंपाकघरात आली. बाबा चहा गाळत होते. अंघोळीची बादली दाराशी पालथी घातलेली होती, ओली.

"पाणी घातलं का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"घातलं," ती म्हणाली.

बाबांनी कप तिच्यापुढे सरकवला.