लॅपटॉपखालचा शब्दकोश

बोलायला लागण्याआधी आपण कोण हे सांगावं, अशी रीत आहे. माझं घोडं तिथंच अडतं. माझ्या पुठ्ठ्यावर ‘इंग्रजी-मराठी शब्दकोश’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. ते सोनं कधीच उडालं. गेली काही वर्षं माझं काम एकच होतं, लॅपटॉपची उंची वाढवणं. तेव्हा मी शब्दकोश की पाट, हे तुम्हीच ठरवा. ठरवणं मला कधी जमलेलं नाही. एका शब्दाला मी पाच-पाच अर्थ देतो आणि त्यातला कोणता घ्यायचा ते विचारणाऱ्यावर सोडून मोकळा होतो. लोक याला विद्वत्ता म्हणतात. मला मात्र हा भित्रेपणाच वाटत आला आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. तिथून मी अमरावतीच्या एका पुस्तकांच्या दुकानात आलो आणि देवरावांच्या हाती पडलो. देवराव वलगावचे. त्यांच्या वस्तीतून इंग्रजी घेऊन एम.ए. झालेले ते पहिलेच. पुढे अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. माझ्या समासांत त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक अक्षरात कितीतरी जादा अर्थ लिहिलेले आहेत. मला ठाऊक नसलेले अर्थ माझ्याच अंगावर वाचताना आधी थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, नंतर सवय झाली.

देवरावांचा स्वभाव माझ्यासारखाच, की माझा त्यांच्यामुळे तसा झाला, कोण जाणे. कोणी काही विचारलं की ते म्हणायचे, “याचे तीन अर्थ होतात. वाक्य पाहून तू ठरव.” त्यांच्या पत्नी जाईबाई यावर हात जोडायच्या. “ह्या मानसाले आज भाजी कोनती करू म्हटलं, त हा मानूस भाजीचे अर्थ सांगते,” असं त्या शेजारणींना सांगायच्या.

देवरावांचा मुलगा धर्मपाल वीज खात्यात लागला आणि अकोल्याला स्थायिक झाला. त्याची मुलगी नीलम. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अमरावतीला यायची तेव्हा जेवणाच्या टेबलाशी हात पुरावा म्हणून खुर्चीवर आधी मला ठेवत आणि माझ्यावर तिला बसवत. म्हणजे उंची वाढवण्याचं काम मी पूर्वीपासून करतो आहे. ती दहावी झाली तेव्हा देवरावांनी मला तिच्या हाती दिलं. मूर्तिजापूरमार्गे एस.टी.तून, एका पिशवीत, सांडग्यांच्या डब्याशेजारी बसून मी अकोल्याला आलो. एक-दोन वर्षं तिनं मला मनापासून वापरलं. मग मोबाईल आला. मोबाईल एका शब्दाला एकच अर्थ देतो आणि तोही लगेच. मी त्याच्यावर रागावलो नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला.

आता मूळ गोष्ट सांगतो. नीलम अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झाली. मातीचा अभ्यास हा तिचा आवडता विषय. पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं तिनं मनात घेतलं आणि यंदाच्या मे महिन्यात तिला दोन विद्यापीठांनी प्रवेश देऊ केला. एक कॅनडातलं, मोठ्या शहरातलं, नावाजलेलं. तिचा आतेभाऊ स्वप्निल त्याच शहरात नोकरीला आहे. दुसरं जर्मनीतलं, लहानशा गावातलं, ज्याचं नाव घरात प्रत्येकजण वेगवेगळं उच्चारत होता. दोघांनाही त्याच आठवड्यात उत्तर हवं होतं.

लॅपटॉपखाली पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होतो आणि माझा गोंधळ वाढत होता. शब्द माझ्याच पोटातले, पण ओळख पटेना. ‘ऑफर’ म्हणजे माझ्या मते ‘अर्पण करणे’. पण आलेल्या पत्रात ‘सशर्त ऑफर’ असं लिहिलेलं. सशर्त अर्पण कसं असतं? ‘क्रेडिट’ला मी ‘उधारी’ आणि ‘श्रेय’ असे दोन्ही अर्थ दिले आहेत. नीलम अभ्यासक्रमांची क्रेडिटं दिवसभर मोजत बसे. एकच विद्यापीठ एका क्रमवारीत वर आणि दुसरीत पार खाली. कन्सल्टन्सीवाल्यांचे फोन वेगळेच. नीलम रोज सकाळी कॅनडाला निघायची आणि संध्याकाळपर्यंत जर्मनीत पोचायची.

“बाबासाहेबांनी दोन देशांत शिकून दाखवलं,” धर्मपाल वैतागून म्हणाला, “अन् तुले एक देश निवडता येऊन नाही राहिला!”

“त्यायले कन्सल्टन्सीवाल्यायचे फोन येत नव्हते, पप्पा,” नीलम म्हणाली.

शेवटी तिनं आबांना, म्हणजे देवरावांना, अमरावतीहून बोलावून घेतलं. सोबत जाईबाई आल्या. बाहेर अकोल्याचं ऊन भाजून काढत होतं, खोलीत कूलर घरघरत होता. देवराव येऊन बसले आणि म्हणाले, “नीलम, ते जरा... ते वारं... कमी कर.” कूलर हा शब्द त्यांना आठवला नव्हता. नीलमनं कूलर कमी केला आणि ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. पाणी मागतानाही ते ‘माठ’ या शब्दापाशी अडले. जन्मभर शब्दांची मोळी बांधणारा हा माणूस. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मला नेहमी असंच काहीतरी सोयीचं वाटतं.

धर्मपालनं आपलं मत मांडलं. “बाबा, जर्मनीत ट्यूशन नाही. नुसता राहन्या-खान्याचा खर्च. कॅनडात ट्यूशनच लय आहे. पन तिथं स्वप्निल आहे, आपलं मानूस आहे.”

लसूण सोलणाऱ्या जाईबाईंचा हात थांबला. “जर्मनीत ट्यूशन नाही?”

“नाही ना माय. अजिबात नाही.”

“त मंग शिकवते कोन?”

सगळे हसले. नीलम तर खुर्चीवरून पडायचीच राहिली. “अवं आजी, ट्यूशन म्हंजे फी!”

“फीले फी म्हनाव ना मंग,” जाईबाई म्हणाल्या. “ह्या धर्मपालले बारावीत ट्यूशन लावली, तवा कुठं गनितात निघाला. तिथं ट्यूशन नाही, मास्तर कोन ते तुमाले मालूम नाही, आन् पोरीले इमानात बसवून राहिले! हासा, हासा.”

माझ्या पानावर ‘ट्यूशन’चा पहिला अर्थ ‘शिकवणी, अध्यापन’ असाच आहे. त्यामुळे जाईबाई चुकल्या असं मी तरी म्हणू शकत नव्हतो. पण बरोबर होत्या असंही नाही. मी गप्प राहिलो. तसाही गप्पच असतो.

हसता हसता नीलमनं लॅपटॉप पुढे ओढला. क्रमवारी, हवामान, काम करायची परवानगी, स्वप्निलची खोली, सगळं तिनं पडताळून पाहिलं होतं. शिकवणार कोण, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. तिनं त्याच दुपारी दोन्हीकडे एकच प्रश्न लिहून पाठवला: मला मातीबद्दल कोण शिकवेल?

कॅनडाहून नम्र उत्तर आलं. मार्गदर्शक पहिल्या सत्रात नेमले जातील, काळजी नसावी. जर्मनीहून एका प्राध्यापक बाईंनी स्वतः लिहिलं. तुमच्याकडची काळी माती मे महिन्यात किती भेगाळते? फोटो असेल तर पाठव, आणि भेगेशेजारी मापासाठी काहीतरी ठेव. नीलमकडे विद्यापीठाच्या शेतातला एक फोटो होता. त्यात मापासाठी तिची चप्पल ठेवलेली होती. बाईंचं उत्तर आलं, “भेग फार सुंदर आहे. आता चपलेचा नंबर कळव.” नीलम दिवसभर ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवत होती. आणखी दोन ओळींखाली बाईंनी हेही लिहिलं होतं, की आपण लवकरच निवृत्त होणार आहोत. ती ओळ ती कोणाला वाचून दाखवत नव्हती.

मी पक्षपाती आहे हे इथं सांगून टाकतो. ती कॅनडाला गेली तर निदान माझी भाषा तिच्या कानावर पडेल. जर्मनीत मी पूर्ण मुका. म्हणून मनातून मी कॅनडाकडे होतो. पण चपलेच्या त्या उत्तरानं मीही डळमळलो. डळमळायला मला फार लागत नाही.

“आबा, तुमी सांगा,” नीलम म्हणाली. “कुठं जाऊ?”

देवरावांनी चष्मा पुसला. “हे बघ, एका दृष्टीनं पाहिलं तर मोठ्या विद्यापीठाचे फायदे आहेत. दुसऱ्या दृष्टीनं...”

“आबा, तुमी मले लहानपनापासून सारेच अर्थ सांगत आले. आज एकच सांगा.”

देवराव पुन्हा चष्मा पुसू लागले. नीलम उठून आतल्या खोलीत गेली. मीही गेलो, म्हणजे लॅपटॉप ठेवायला तिनं मला उचलून नेलं. तिनं कॅनडात स्वप्निलला व्हिडिओ कॉल लावला.

“दादा, तू कोनाले सांगू नको. मी दोन्हीले नाही म्हनून राहिली.”

“काहून व? डोकं फिरलं का तुझं?”

“आबाले शब्द आठवून नाही राहिले, दादा. परवा आले तवा कूलर नाही आठवला. मागच्या महिन्यात फोनवर माझं नाव अडकलं होतं, मंग पोरी म्हनून हाक मारली. मी तिकडं गेली अन् वापस आली, तवा त्यायले मी आठवली नाही त?”

स्वप्निलनं खुर्ची कॅमेऱ्याजवळ ओढली. मग म्हणाला, “हे त्यायलेच विचार ना.”

“हे कसं विचारू?”

दारात देवराव उभे होते. किती ऐकलं, मला माहीत नाही. नीलमनं घाईघाईनं कॉल बंद केला. पडद्यावर कॅनडाचं पान उघडं होतं. त्यावर दोन बटणं होती, एक ‘ॲक्सेप्ट’चं, एक ‘डिक्लाईन’चं. दुसऱ्या खिडकीत जर्मनीचं पान, त्यावरही तशीच दोन.

देवराव तिच्याशेजारी बसले. पडद्याकडे बघत राहिले.

“ते यंत्र जरा बाजूला घे,” ते म्हणाले.

“कोनतं? लॅपटॉप?”

“हां. तोच. मला खालचं पुस्तक पाहिजे.”

किती वर्षांनी माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं चाचपत ‘डी’च्या पानांपाशी आले आणि ‘डिक्लाईन’ शोधला. शोधायची रीत विसरलेली नव्हती. तिथं मी दोन अर्थ दिले आहेत. पहिला, ‘नम्रपणे नाकारणे’. दुसरा, ‘उतरणीला लागणे; क्षीण होणे’. त्यांचं बोट पहिल्यावरून दुसऱ्यावर आलं आणि तिथंच थांबलं. त्या बोटाचं वजन मला अजून जाणवतं. मला वाटलं, आता नेहमीसारखे दोन्ही अर्थ सांगणार. नीलमलाही तसंच वाटलं असावं.

“डिक्लाईन,” ते मोठ्यानं म्हणाले, “म्हणजे नम्रपणे नाकारणे.”

“अन् दुसरा अर्थ?”

“दुसरा तुझ्या कामाचा नाही.”

त्यांनी मला मिटलं.

“नकाराची दोन्ही बटणं दाबायची नाहीत, नीलम. एकच दाबायचं. चपलेचा नंबर विचारणारी मास्तरीण आहे तिकडे जा. ती निवृत्त होवो नाहीतर काही होवो. तिच्या हाताखाली एक वर्ष मिळालं तरी पुष्कळ.”

“अन् तुमी?”

“मी तुझं नाव विसरलो तर तू सांग. सांगितल्यावर मला कळतं.”

नीलम रडली. मग तिनं कॅनडाच्या पानावर नकाराचं आणि जर्मनीच्या पानावर होकाराचं बटण दाबलं. बाहेरून जाईबाईंनी विचारलं, “झालं का मास्तराचं ठरून?” आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी चहा टाकला.

अर्थ लपवणं हे आमच्या धर्मात पाप आहे. शब्दकोशानं ते करायचं नसतं आणि इंग्रजीच्या प्राध्यापकानंही नाही. पण त्या दुपारी मला ते पाप वाटलं नाही. का वाटलं नाही, ते मला नीट सांगता येत नाही. नीलमनं योग्य तेच निवडलं का, हेही मला सांगता येणार नाही. ती तिकडच्या थंडीत कुडकुडते, तिला तिथली भाषा अजून अडते, आणि बाईंनी तिला पहिल्याच दिवशी मातीच्या ढिगात उभं केलं. हे चांगलं की वाईट?

मी आता पुन्हा अमरावतीला आहे. नीलम जाताना मला आबांच्या टेबलावर ठेवून गेली. रविवारी तिचा फोन येतो.

“आबा, तब्येत कशी आहे?”

“उत्तम.”

“कायची उत्तम!” जाईबाई मागून ओरडतात. “काल चष्मा फ्रीजमंदी ठेवला होता ह्या मानसानं! गार चष्मा घालून पेपर वाचला!”

पलीकडून आधी हसू येतं. मग नीलम म्हणते, “आबा, मी कोन बोलून राहिली?” देवराव म्हणतात, “पोरी, मला काय विचारतेस, नीलम!” आणि तिकडचा श्वास सुटल्याचा आवाज मलाही ऐकू येतो.

रोज सकाळी ते मला उघडतात. एखादा मराठी शब्द ओठांवर येऊन अडतो, तेव्हा त्यांना त्याचा इंग्रजी शब्द आधी आठवतो. तो ते माझ्यात शोधतात आणि शेजारचा मराठी शब्द वाचून मान हलवतात. काल ‘माठ’ असाच सापडला. माझी बांधणी सुटली आहे, ‘एस’ची काही पानं गळाली आहेत, आणि धर्मपाल दर भेटीला मला रद्दीत द्यायचं म्हणतो. त्याचंही बरोबर असेल. पण वाचकहो, त्याला कोणीतरी सांगा, एवढ्यात नको. देवरावांना अजून शब्द लागतात. रोज थोडे जास्तच लागतात.