ऋताच्या हातून

सत्यभामाबाईंनी पाकिटातली लाल गोळी अंगठ्यानं दाबून काढली, धाकट्या सुनेच्या तळहातावर ठेवली आणि लिंबाच्या सरबताचा पेला तिच्या पुढ्यात सरकवला.

"चहासंगं नको घेऊ, लिंबासंगंच घे. अन् एकही दिवस चुकवू नको, मंजिरी. पोटातल्या लेकराचं डोकं यानंच घडते म्हणते."

पद्मिनी, मोठी सून, दारातच थबकली. हातातल्या वाटीत मंजिरीसाठीच सोललेले डाळिंबाचे दाणे होते. वाटी ओट्यावर ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी तिनं तो बंद केला नाही.

हीच गोळी. नऊ वर्षांपूर्वी ऋता पोटात होती तेव्हा याच बाईंनी सांगितलं होतं, लाल गोळीनं पोर काळं होते. दवाखान्यातून आणलेली सगळी पाकिटं फोडून त्यांनी परसातल्या मोगऱ्याच्या बुडाशी पुरली. मूल फार वाढलं तर बाळंतपण अडेल म्हणून तिसरी पोळी कधी ताटात पडू दिली नाही. त्या वर्षी मोगरा असा काही फुलला की पुरानी बस्तीतल्या त्यांच्या अख्ख्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्याला गजरे वाटले. ऋता मात्र दोन किलोचीही भरली नाही.

छत्तीसगड वेगळं झालं, गल्लीत फटाके फुटले, तेव्हा नऊ महिन्यांच्या ऋताला उशीला टेकवून बसवावं लागत होतं. आता आठ वर्षांची झाली तरी विसाच्या पुढे आकडे तिच्या हाती लागत नाहीत.

आणि खापर फुटलं ते पद्मिनीच्या डोक्यावर. ग्रहणात तिनं कारलं चिरलं होतं ना! येणाऱ्याजाणाऱ्याला, शेजारणींना, अगदी शाळेतल्या बाईंनासुद्धा सत्यभामाबाईंनी ते कारलं ऐकवलं. वाईट याचं की पद्मिनीनंही ते खरं मानलं. सात वर्षं दर सोमवारी ती महादेवापुढे हात जोडून एका कारल्याची माफी मागत राहिली.

गेल्या वर्षी शाळेनं डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं तेव्हा त्यांनी विचारलं, गरोदरपणी अंगात रक्त किती होतं? साडेसहा, असं पद्मिनी म्हणाली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या, पण आई उपाशी असली, अंगात लोह नसलं, तर पोटातल्या बाळाचा मेंदूही उपाशी राहतो. घरी येऊन पद्मिनीनं हे जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला.

"डॉक्टरले काय समजते? ग्रहणच लागलं पोट्टीले."

म्हणजे म्हातारीला तेव्हाच पटलं होतं. पटलं आणि गिळून टाकलं. आता धाकट्या सुनेला बिनबोभाट गोळी मिळत होती, आणि थोरली कारल्याची धनीण ती धनीणच! पद्मिनीच्या अंगाची लाही लाही झाली. पण ती भांडली नाही. भांडण एका दिवसात संपतं.

"आई, तुमचे गुडघे दुखून राहिले," दुसऱ्या दिवशी ती गोड आवाजात म्हणाली. "मंजिरीच्या गोळीचं काम ऋता करन."

सकाळची शाळा सुटली की ऋता पाकीट घेऊन बसायची. जीभ बाहेर काढून, भुवया आक्रसून गोळी दाबायची. तीनदा अंगठा निसटायचा, चौथ्यांदा गोळी सुटायची. मग मोठ्यानं "एक!" म्हणून ती काकूच्या हातावर ठेवायची. सत्यभामाबाई उठायला लागल्या की पद्मिनी म्हणायची, "बसा ना, आई. पोट्टी कशी शिकून राहिली ते पाहा."

मंजिरीला कशाचा पत्ता नव्हता. "किती गुणाची आहे ऋता," ती म्हणायची आणि सासूबाई जमिनीकडे बघायच्या.

पाचव्या दिवशी त्यांनी पद्मिनीला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिच्या हातून काहून देऊन राहिली तू?"

"तुमाले रोज दिसावं म्हणून."

सत्यभामाबाई निघून गेल्या. पद्मिनीला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

सासूबाईंचं जेवण कमी झालं. शेजारणी आल्या तर ग्रहणाचं नाव निघेनासं झालं. तरी पद्मिनीनं सोडलं नाही. तिला ते तोंडून ऐकायचं होतं.

दहाव्या की अकराव्या दिवशी ऋतानं गोळी काढली, काकूला दिली आणि आजीकडे वळली.

"आजी, इसको खाने से क्या होता है?"

पद्मिनीच्या हातातली मेथी तशीच राहिली. उत्तर तिलाही देता आलं असतं. पण ती म्हणाली, "सांगा ना, आई. विचारून राहिली ते."

सत्यभामाबाईंनी ऋताकडे पाहिलं.

"लेकराचं डोकं... चांगलं होते, बाई. पोटात असताना आईनं खाल्ली तं." त्या पद्मिनीकडे वळल्या. "मीच नाही खाऊ देल्ली तुह्या आईले. मीच."

मंजिरीच्या हातातला पेला ओठाशीच थांबला. पद्मिनी वाट बघत होती ते हेच होतं. नऊ वर्षांचं सगळं त्या दोन शब्दांत आलं होतं.

ऋतानं मात्र आजीचं पहिलंच वाक्य ऐकलं होतं. ती पुन्हा पाकिटाशी झटली. या वेळी दुसऱ्याच झटक्यात गोळी निघाली.

"तो मैं भी खाऊं? कल गिनती का टेस्ट है."

सत्यभामाबाईंनी तोंडावर पदर घेतला. ऋता उठली, पद्मिनीसमोर येऊन उभी राहिली आणि गोळी ठेवलेला तळहात तिच्यापुढे धरून उत्तराची वाट बघू लागली.