थोरलीच्या मापाचा जोड

थोरलीनं भिंतीला हात टेकून टाच आत ढकलली. टाच जाईना. मग धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली, कातड्याची मागची कड बोटानं ओढून धरली आणि दुसऱ्या हातानं घोटा दाबला. पाय आत गेला.

"चावत नाहीत ना, जाऊबाई?"

"नवी जाऊ आणि नवं पायताण. पहिले दोन दिवस चावणारच," थोरली म्हणाली आणि जिना उतरू लागली.

धाकटी मागून उतरली, तिच्या टाचांवर नजर ठेवून. तपकिरी, बंद बूट. शिलाई अशी की टाका शोधावा लागेल. या शहरात आल्यापासून धाकटी बायकांच्या बुटांच्या कारखान्यात कातडं शिवायची आणि संध्याकाळी घरी दुरुस्तीची कामं घ्यायची. शेजारणी तंग बूट घेऊन येत. कातडं ओलं करायचं, आत एक नंबर मोठा फर्मा, म्हणजे लाकडाचं पाऊल, ठोकून ठेवायचा. सकाळपर्यंत बूट सैल होतो. सैल करता येतं त्याला तंगही करता येतं. हा जोड तिनं एक नंबर लहान फर्म्यावर ओढला होता. थोरली शहर बघायला येतेय असा निरोप आला, त्याच दिवशी कातडं कापायला घेतलं. मापासाठी पाऊल समोर असायची गरज नव्हती. सासरी असताना तिनं ते पाय वर्षानुवर्षं दाबले होते. एक वीत आणि वर तीन बोटं. माप तळहातालाच पाठ होतं.

तिला फार काही नको होतं. थोरलीनं एकदा म्हणावं, 'आता चालवत नाही गं.' त्यावर ती म्हणणार होती, 'त्या दिवशी मलाही चालवत नव्हतं.' एवढंच वाक्य. बुटांबरोबर तेही तिनं शिवून तयार ठेवलं होतं.

आधी तिनं नदीवरचा पूल दाखवला. शहर पहाटेपासून जागं होतं. पुलावर गाड्यांची रांग होती आणि खाली पाणी, जणू कुणाची वाट न बघणारं. थोरली कठड्याला टेकली. एका पायावरचा भार तिनं दुसऱ्यावर घेतला, मग पुन्हा पहिल्यावर.

"पाणी बघ कसं, निवांत," ती म्हणाली.

"पलीकडून अजून छान दिसतं," धाकटी म्हणाली आणि चालू लागली.

पलीकडे उंच इमारत होती, जिच्या गच्चीवरून सारं शहर दिसतं. धाकटीनं सांगितलं, लिफ्ट बंद आहे. दोघी जिन्यानं चढल्या. निम्म्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि एक जाडा माणूस मुलाला कडेवर घेऊन बाहेर आला.

"बंद लिफ्टसुद्धा माणसं आणते इथली," थोरली म्हणाली. "मोठं शहर हो."

धाकटीचे कान तापले. पण थोरली लिफ्टकडे वळली नाही. तिनं पदर खोचला आणि पुढची पायरी चढली.

गच्चीवर ऊन होतं, आणि उन्हात धाकटीला नेहमी तोच दिवस आठवायचा. घरात थोरलीच्या माहेरचे पाहुणे आलेले. चुलीवर दोन पातेली. तेवढ्यात धाकटीच्या माहेराहून निरोप आला, आई शेवटच्या घटका मोजतेय. थोरली म्हणाली होती, "पानं उठू देत, मग जा." धाकटी तडक दाराशी गेली तर चपला जागेवर नव्हत्या. ओट्याखाली नाहीत, मोरीपाशी नाहीत. शोधता शोधता दुपारची गाडी सुटल्याचा हॉर्न ऐकू आला. मग ती तशीच निघाली, अनवाणी, वितळत्या डांबरावरून. पोचली तेव्हा आईचे डोळे कुणीतरी मिटवले होते. पुढे काही दिवसांनी माळ्यावरचं पातेलं काढताना चपला सापडल्या. एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या. उंदीर चपला अशा ठेवत नाहीत. तिनं त्या पायात घातल्या आणि पातेलं खाली नेलं.

गच्चीवरून उतरल्यावर बाग, बागेतून दुकानांचा लांबलचक रस्ता. थोरलीची चाल बदलली होती. ती पाऊल टाकत नव्हती, ठेवत होती, जणू फुटकी भांडी पसरलीत. बागेत बाक आला.

"बसायचंय का?" धाकटीनं विचारलं.

"तुला बसायचंय?"

"मला नाही."

"मग मी कशाला बसू? शहर बघायला आलेय, बाक नाही."

पलीकडच्या चौकात फुटपाथ खणला होता, म्हणून नाइलाजानं दोघी बसमध्ये चढल्या. दोन थांबे बसून गेल्या. पुढे राजवाड्याचं संग्रहालय. तिथल्या गुळगुळीत फरशीवर थोरलीनं एकदा खांब धरला. धाकटी थांबली. तोंडाशी आलेलं वाक्य तिनं दातांमागे धरून ठेवलं. आता म्हणेल. आता.

"खांब किती गार आहे," थोरली म्हणाली.

घरी आल्या तेव्हा बूट निघेनात. धाकटीनं टाच धरून ओढलं तेव्हा कुठे सुटले. आतलं अस्तर लाल झालं होतं. अंगठ्याचं नख काळंनिळं, आणि दोन्ही टाचांची सालटी निघालेली. याचसाठी तर केलं होतं सगळं. आणि आता ते समोर होतं तर तिला कुठे बघावं कळेना. तिनं कोमट पाण्याचं घमेलं आणलं. थोरलीनं पाय आत सोडले, डोळे मिटले.

डोळे मिटूनच तिनं विचारलं,

"तू तिथं पोचलीस, तेव्हा पायांवर पाणी घातलं का गं कुणी?"

धाकटीनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"कोण घालणार? आईला न्यायची घाई चालली होती."

"हं. उजेड होता?"

"दिवे लागले होते."

"म्हणजे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आणि आज आपण मधे बसमध्ये बसलो."

"दोनच थांबे."

"बसलो ना पण. शिवाय माझ्या पायात काहीतरी होतं."

धाकटीनं तयार ठेवलेलं वाक्य तोंडात फिरवून पाहिलं. ते कुठंच बसेना. ती उठली, फडताळातून मोठा फर्मा काढला, फडकं ओलं केलं आणि बुटांपाशी येऊन बसली.

"काय करतेस?"

"सैल करते. सकाळपर्यंत होतील."

"उद्याचं काय ठरलंय?"

"काही नाही. उद्या पडून राहा तुम्ही."

"काल म्हणालीस, जुना बाजार आहे. टेकडीवरचं ते मोठं घड्याळ आहे."

"लांब आहे ते, जाऊबाई. चढ आहे."

थोरलीनं पाय पुसले. भिंतीच्या आधारानं उठली, धाकटीच्या पुढ्यातला जोड उचलला आणि लंगडत दाराशी गेली. बूट तिनं उंबऱ्याजवळ ठेवले, एकाशेजारी एक, टोकं बाहेरच्या बाजूला करून.

"फर्मा उद्या संध्याकाळी घाल," ती म्हणाली.