न ओरडणारं पिल्लू

"ह्येच घेऊ. ह्ये वरडत नाय," दिनानाथ म्हणाले.

गडब गावात कृष्णाबाईच्या पडवीत उकिडवे बसून ते एकेक पिल्लू मानेच्या कातडीला धरून उचलत होते. बाकीची केकाटली. हे काळं मात्र गप्प लोंबत राहिलं. उचलल्यावर न ओरडणारं कुत्रं राखणीला पक्कं, असं त्यांच्याकडे सगळेच मानायचे.

"काका, तो तांबडा न्या की. बघा कसा चावतोय!" कृष्णाबाई म्हणाली.

"तुझा तांबडा नुसता बोंबलतोय. राखण करंल का भाषण?"

बाबांनी कुणाची तरी थट्टा केली, एवढ्यानेच त्यांच्या लेकीच्या, नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. पेणच्या भातगिरणीत जन्मभर पोती उचललेला हा माणूस आई गेल्यावर वर्षभराने रोह्याजवळच्या अष्टमी गावात लेकीच्या घरी आला आणि खिडकीशी बसला तो बसलाच. ताट पुढे आलं तर दोन घास, नाही आलं तर मागणं नाही. कुत्र्याचं पिल्लू आणू का, असं तिने सहज विचारलं तेव्हा मात्र "व्हय" म्हणाला. त्या एका होकारासाठी तिने नवऱ्याला, रितेशला, सुट्टीच्या दिवशी मित्राची गाडी मागायला लावली होती.

मागच्या सीटवर बाबा, मांडीवर नातीचं, छोट्या अपेक्षाचं जुनं दुपटं, त्यात पिल्लू.

"मामा, सीटवर मुतलं तर तुम्हीच धुवायचं हां," रितेश गाडी चालवता चालवता म्हणाला.

"धुईन. तुमच्या पोरीचं काय कमी धुतलंय?"

नागोठणं मागे पडलं तरी बाबा बोलत होते. भाकरी दुधात कुस्करायची. सकाळी नदीवर मी नेईन. मी नेईन, मी नेईन, नूतन मनात घोळवत राहिली.

रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर तिने मागे वळून दुपट्यात हात घातला. उन्हाने गाडी तापली होती आणि पिल्लाचं पोट गार. पोट एकदा हललं, मग बराच वेळ नाही. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. ओरडायला त्याच्या अंगात मुळात काही नव्हतंच.

"रोह्यात जनावरांचा डॉक्टर भेटंल?" तिने रितेशला हळूच विचारलं.

"आज रविवार हाय."

खिंडीत बाबांचं बोलणं थांबलं. मागे पाहायचा तिला धीर होईना.

"जावई, गाडी वळवा."

"काय झालं, मामा?"

"गेलं ह्ये."

"बाबा, इथंच कुठं झाडाखाली…"

"आयशीला दावाया हवं गो. वासानं कळतं तिला. न दावता पुरलं तर शोधत ऱ्हाते ती, दारोदार."

कोरोनात नूतनच्या आईला दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलं होतं. बाबांना फाटकाशीच थांबवलं होतं. पुढे कितीतरी महिने ते पेणच्या बाजारात पाठमोऱ्या बायकांच्या मागे चालत जायचे. पुढे जाऊन तोंड बघायचे आणि परत फिरायचे.

रितेशने गाडी वळवली.

पडवीत कुत्री पिल्लांना पाजत होती. बाबांनी तिच्यासमोर दुपटं उघडलं. तिने हुंगलं, कान चाटला, पुन्हा हुंगलं. मग मान फिरवून पिणाऱ्या पिल्लांना चाटू लागली.

"कळलं तिला," कृष्णाबाई हळू आवाजात म्हणाली. "काका, आता तांबडा न्याच."

"नको."

"घेऊया ना, बाबा," नूतन म्हणाली. "नदीवर नेणार होता ना तुम्ही?"

"नको गो. ह्या हाताला आता जितं-मेलं कळत नाय."

कृष्णाबाईच्या परसात पिल्लाला पुरून ते निघाले. अष्टमीला घरासमोर गाडी थांबल्यावर नूतनने मागचं दार उघडून धरलं. रितेशने इंजिन बंद केलं. बाबा आत तसेच बसून होते, दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून.