आबांचं शेवटचं भरीत

नशिराबादच्या उखर्डू आबांनी यंदा जाहीरच करून टाकलं, "हे माझं शेवटचं भरीत. हात लय थरथरतात आता."

पन्नास वर्षं अख्खी पंचक्रोशी त्यांच्या भरतामागं बोटं चाटत होती. फक्त पोटच्या लीलाधरनं कधी चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. म्हणणार कुठून? तो फोटो काढायचा आणि शेवटी गार घास मोबाइलकडे बघत गिळायचा. मरणाआधी पोराच्या तोंडून एक शब्द ऐकायचा, एवढीच आबांची इच्छा उरली होती.

शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली. आबांनी ती सोलली, मिरची-लसूण घालून ठेचायच्या लाकडी बडजीत टाकली, मुसळी टेकवली, आणि लीलाधर ओरडला, "थांबा!"

सगळे जागच्या जागी थिजले. घरच्यांना सवय होती. आबांचा मित्र हिलालकाका तर हुकमाप्रमाणे हसरं तोंड उघडून बसला.

पण मोबाइलमध्ये जागाच उरली नव्हती. लीलाधर जुने फोटो पुसायला बसला. अकरा हजार फोटो, सगळे भरताचे! "हे परवाच्या सालचं, हे कसं पुसू?" असं म्हणत तो एकेकावर हळहळत होता.

हिलालकाकाला बुजगावणं समजून त्याच्या टोपीवर कावळा बसला. बेबाबाईंनी, म्हणजे लीलाधरच्या आईनं, मान न हलवता नुसत्या ओठांनी कावळ्याला हुसकलं, पण तोही हलेना. शेजारचा शेतकरी काडेपेटी मागायला आला. त्याला वाटलं इथली रीतच असेल, म्हणून तोही हात पुढं करून थांबला. आबांचा हात मात्र थांबेना. तो इतका थरथरत होता की तेवढ्यानंच भरीत ठेचून झालं.

आता आबांचं टाळकं सरकलं. त्यांनी फोन हिसकावला.

"तू बस. आज तुहा फोटो मी काढतो. बाकीच्यांनी जेवा रे!"

कावळ्यासकट सगळे सुटले. लीलाधर पुरीत भरीत धरून ताठ बसला.

"काढला का आबा?"

"आधी खाय. खातानाचा पाह्यजे मले."

लीलाधरनं गरम घास तोंडात टाकला. मिरची थेट मेंदूत गेली. नाक वाहू लागलं, कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग कसाबसा बोलला, "आबा, मिरची जास्त झाली. पण असं भरीत मी जन्मात खाल्लं नाही."

पन्नास वर्षांची कौतुकं आबांनी त्या एका तक्रारीवरून ओवाळून टाकली असती.

"फोटो दाखवा ना," लीलाधर नाक पुसत म्हणाला.

फोन केव्हाच आबांच्या मांडीवर पालथा पडला होता.

"नाही काढला."

"का हो?"

"तू खाऊ ऱ्हायला व्हता ना. मी तुले पाह्यत व्हतो."

लीलाधरनं फोन तिथंच राहू दिला आणि आबांच्या तोंडाशी पुरीचा घास धरला.