गस्त संपली म्हणून सांग

"आधी गस्त संपली म्हणून सांग, मग पाय उचल."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दादांनी दिलेला हा धडा तिच्या कानात पक्का बसला होता. दादा म्हणजे चौकीतले सर्वांत जुने वनरक्षक, आणि ती सर्वांत नवी. गस्त चालू असली की नियंत्रण कक्ष वायरलेसवर सारखा हाका मारायचा. उत्तर दिलं तर शिकारी सावध व्हायचे, नाही दिलं तर शोधायला जीप भोंगा वाजवत हजर. म्हणून शिकाऱ्यांचा माग लागला की आधी गस्त संपल्याचं कळवायचं, यंत्र बंद करायचं आणि मगच आत शिरायचं, अशी साऱ्या चौकीची रीत. साहेबांनाही ती ठाऊक होती. "यांची गस्त संपली की समजायचं, आता कुणीतरी सापडणार," असं ते हसून म्हणायचेही.

त्या सकाळी तिनंच कळवलं, "गस्त संपली. परत निघालो."

ओढ्याच्या वळणावर दोघं जण हरणाचं कातडं सोलत बसले होते. दादा पुढे झाले. "सुऱ्या टाका. हात वर."

एकानं सुरी टाकली. दुसरा नुसता हसला. तो का हसला हे तिला कळेपर्यंत उशीर झाला होता. आडोशाला गेलेला तिसरा त्यांच्या पाठीमागून येत होता.

लोखंडी नळी दादांच्या खांद्यावर बसली. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. दादा गुडघ्यावर आले, आणि हसणाऱ्यानं वाकून त्यांच्या मांडीत सुरी खुपसली, हरणात खुपसावी तितक्या सहज. तिनं काठी फिरवली. त्याचं मनगट मोडलं आणि हात लोंबू लागला. नळी आता तिच्यावर आली. डावा हात झाडाच्या खोडावर होता, तिथंच बोटं चेचली गेली. ओरडायलाही वेळ नव्हता. तिनं डोकं खाली घालून नळीवाल्याच्या तोंडावर धडक दिली. त्याचे दात तिच्या कपाळात रुतले. तो कोलमडला, उठला, आणि सुरी टाकून केव्हाच पळालेल्या पहिल्याच्या मागोमाग पळत सुटला. मनगट मोडलेला तेवढा चिखलात गडबडा लोळत राहिला.

दादांच्या मांडीतून रक्त उसळत होतं. तिनं कमरेचा पट्टा काढून आवळला, वर गुडघा दाबून धरला आणि यंत्र चालू केलं.

"दादांना सुरी लागलीय! ओढ्याच्या वळणावर जीप पाठवा!"

"अहो, तुमची गस्त संपली ना? जीप पलीकडच्या नाक्यावर गेलीय."

"वळवा ती! आत्ता वळवा!"

दादांचे ओठ पांढरे पडले होते. बुटांच्या भत्त्यात एकच बूट येतो, दुसरा पाय सरकारला दिसत नाही, असं म्हणून चौकी हसवणारा हा माणूस. त्यांनी तिची बाही धरली.

"तुझ्या वहिनीला उघड्यावर पडू देऊ नकोस."

"नाही पडू देणार, दादा. बोलू नका."

ते पुन्हा बोलले नाहीत. जीप आली तेव्हा तिच्या गुडघ्याखालचं रक्त गार पडलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर वहिनी ताठ बसल्या होत्या. साहेब नुकतेच भेटून गेले होते.

"गस्त संपली म्हणून वायरलेसवर कोणी कळवलं?"

"मी, वहिनी."

वहिनींनी खाडकन तिच्या मुस्काटात मारली. मग दुसरी. टाके घातलेलं कपाळ पुन्हा वाहू लागलं.

"साहेब म्हणतात, ते कामावर नव्हते. निवृत्तिवेतन नाही, भरपाई नाही. मग जंगलात काय फुलं वेचायला गेले होते?"

"कामावरच होते. आता चौकशी समिती बसेल, तिच्यापुढे मी सगळं सांगेन."

ज्या हातानं मारलं तो वहिनींनी काखेत दाबून धरला आणि त्या पहिल्यांदा रडल्या.

साहेबांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"खोटं कळवलंस म्हणून नोकरी जाईल. बोटांचा खर्चही अंगावर येईल. वर विचारतील, ही रीत कुणी चालू दिली?"

"तुम्ही."

"हळू बोल." त्यांनी खिडकीकडे मान केली. मागच्या आवारातून धपधप आवाज येत होता. "बांधलंय त्याला. जा, तूही हात साफ करून घे. मन हलकं होईल. समितीपुढे मात्र गप्प राहायचं."

ती गेली. मनगट मोडलेल्याला पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलं होतं. एक डोळा सुजून मिटला होता. जीपच्या ड्रायव्हरनं काठी पुढे केली.

"घे ताई, तुझ्यासाठी ठेवलाय."

तिनं मारलं. बरगडीवर. त्याच्या तोंडून नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा तो "आई गं" म्हणाला. तिचा हात थांबला नाही. ती मारत राहिली, अंगात कुणी संचारल्यासारखी, काठी हातातून निसटून पडेपर्यंत. मन तसूभरही हलकं झालं नव्हतं.

"एवढंच?" ड्रायव्हर म्हणाला.

"सोड त्याला. दवाखान्यात ने."

"याला? यानं दादांना मारलं!"

"हा इथं मेला तर चौकशी याच्याच मरणाची होईल. दादांचं राहून जाईल. ने म्हणते ना!"

ड्रायव्हरनं शिवी हासडली, पण दोर सोडला.

समितीच्या दिवशी सकाळी आईनं तिच्या गणवेशाची बटणं लावली. पट्टी बांधलेल्या बोटांना ते जमत नव्हतं.

"पगार गेला तर खायचं काय?"

"तू शिवण शिकवणार होतीस ना?"

"या बोटांना? सुईच पळून जाईल." आईला हसू आलं, ते लगेच मावळलं. "साहेबांचं नाव घेणार?"

"घेणार."

"आणि त्या बांधलेल्याला मारलंस, ते?"

"तेही सांगेन."

आईनं कॉलर नीट केली आणि दारातून बाजूला झाली.

"येते गं," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरू लागली.